माधवनगरची पिकअप

मी स्लॅबची कामं घेतो. घराचं सेंट्रिंग झालं, सळई बांधून झाली, की वरचं काँक्रीट ओतायला माझा मिक्सर आणि माझी माणसं जातात. सकाळी सुरू केलेला स्लॅब पुरा झाल्याशिवाय थांबता येत नाही. उंब्रजच्या आसपासच्या गावांतून जाताना कुठल्या कुठल्या गच्चीवर शेंगा वाळत घातलेल्या दिसतात आणि मला आठवतं, इथं पाणी कमी पडलं होतं, इथं मालकिणीनं सगळ्यांना जिलेबी वाढली होती.

मिक्सरला चाकं असतात, पण तो ओढून न्यावा लागतो. बरीच वर्षं मी शेजारच्या गावातला एक ट्रॅक्टर भाड्यानं घ्यायचो. अडचण अशी, की दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की सगळे ट्रॅक्टर उसाला लागतात, आणि लोकांनाही स्लॅब नेमका त्याच दिवसांत टाकायचा असतो. एकदा एका घरमालकानं नारळ फोडून, पेढे वाटून ठेवले, वीसेक माणसं घमेली घेऊन बसून राहिली आणि मी दुपारी बारापर्यंत रस्त्यावर उभा राहून ट्रॅक्टरची वाट बघत होतो. तो आलाच नाही. त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हटलं, आता आपली स्वतःची गाडी पाहिजे.

नवी पिकअप आवाक्यात नव्हती. जुनी घ्यायची तर कशी, हे विचारायला मी कराडला चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे आमच्या सगळ्या ठेकेदारांचे मिस्त्री. दाढी मेंदीनं लाल केलेली आणि डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. त्यांच्या गॅरेजमध्ये बसायला टायर असतात, खुर्ची नसते.

"डिझेलचीच घे," ते म्हणाले. "पेट्रोलची, गॅसची गाडी पळती लय, पर वढत न्हाई. चढाला मिक्सर घिऊन थांबलास आन् परत उचलायची झाली, तर तितं डिझेलच पायजे. आन् आनखी एक. माल न्यायची गाडी घेताना इंजिन बघायचं, पर वढायची गाडी घेताना खाली झोपायचं. समदा जोर चॅसीच्या मागच्या आडव्या बारावर येतो. त्यो बघितल्याबिगर हो म्हणू नगंस."

दोन महिने मी गाड्या बघत हिंडलो. कराड, इस्लामपूर, विटा. एकीचं स्टिअरिंग हातात घेतलं की गाडी आपसूक डावीकडे निघायची. एकीच्या सायलेन्सरमधून निळा धूर यायचा. एक दिसायला अगदी नवरीसारखी होती, पण खाली झोपलो तर चॅसीवर वाळूचे थर बसलेले आणि त्याखाली लोखंड पापडासारखं सुटलेलं. खाली अंथरायला मी पिशवीत एक पोतं घेऊनच फिरायचो. जिथं जमेल तिथं चाचाही येत.

मग कराडच्या एका कापडवाल्यानं माधवनगरची गाडी सांगितली. तिथल्या बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, उद्याच या, चार वाजता मिरजेचा एकजण बघायला येणार आहे. भाव इतका कमी सांगितला की मी दोनदा विचारून घेतला. नेमकं दुसऱ्या दिवशी चाचांच्या पुतणीचं लग्न होतं. मी एकटाच एसटीनं सांगलीला गेलो.

माधवनगरला जुन्या गिरणीच्या मागची गल्ली. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटखट. तिथल्या लोकांना ती ऐकूही येत नसावी, माझं मात्र डोकं उठलं. बाई पन्नाशीच्या होत्या. गळ्यात शिवणाची टेप तशीच लटकत होती. पत्र्याच्या शेडमध्ये पांढरी पिकअप उभी होती आणि तिच्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांचे मालक बसले होते. त्यांनी वीस वर्षं सुताची पोती आणि कापडाच्या गाठी वाहिल्या. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

"एकच शब्द उरलाय त्यांना," बाई म्हणाल्या. "नको. चहा पाहिजे असला तरी नको, भूक लागली तरी नको. आपण हाताकडं बघून समजून घ्यायचं."

तेवढ्यात चहा आला. "नको," ते म्हणाले आणि डावा हात कपाकडे केला. आम्ही हसलो. तेही हसले, अर्ध्या तोंडानं.

किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. त्यांनी ती स्वतः काढून माझ्या हातावर ठेवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही. ऑइलचं झाकण काढून बघितलं, क्लच दाबून बघितला, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. दोन महिन्यांत असं इंजिन मी ऐकलं नव्हतं. "लय जपलीय गाडी तुमी," मी म्हणालो, आणि त्या माणसाचा चेहरा उजळला. त्यांना गाडी विकायची नव्हती असं कुठल्याही बाजूनं वाटत नव्हतं. आपलं काम कुणाला तरी कळलं, याचा आनंद होता तो.

मग बाईंनी सहज विचारलं, "कशाला पाहिजे तुम्हाला?"

"मिक्सर वढायला. मागं हूक बसवनार."

त्यांनी कप खाली ठेवला. "नको," ते म्हणाले. हा शब्द मघाच्या नकोसारखा नव्हता. मग परत, "नको, नको," आणि काठी घेऊन उठले. पाय ओढत गाडीच्या मागे गेले. काठीनं मागच्या फाळक्यावर ठोकलं, मग वाकायचा प्रयत्न केला आणि काठीचं टोक गाडीखाली घातलं. माझ्याकडे बघून परत परत तेच. नको. नको.

बाई धावल्या. "जीव अडकलाय हो गाडीत," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही मनावर घेऊ नका."

बाईंना तसं वाटत असेल. मला वाटलं नाही. मिक्सर हा शब्द तोंडातून निघेपर्यंत तो माणूस शांत होता, हे मी बघितलं होतं. काठी कुठं दाखवते आहे, हेही बघितलं होतं. पोतं पिशवीत होतं. गाडीच्या मागं जाऊन खाली झोपायला पाच मिनिटंही लागली नसती.

पण खाली काही निघालं असतं तर गाडी सोडावी लागली असती. परत विटा, परत इस्लामपूर, परत तीच पापडासारखी सुटलेली लोखंडं. आणि चार वाजता मिरजेचा माणूस येऊन ही गाडी घेऊन गेला असता. मला खाली काय आहे ते बघायचंच नव्हतं.

"जरा इंजिन आयकतो," असं म्हणून मी आत बसलो, गाडी सुरू केली आणि ॲक्सिलरेटर दाबला. नुसता दाबला नाही, दाबून धरला. पत्र्याचं शेड थरथरायला लागलं. आरशात मला ते दिसत होते. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. बाईंनी त्यांना दंडाला धरून आत नेलं, तेव्हा मी पाय उचलला.

गाडी बाईंच्याच नावावर होती. अर्ध्या तासात कागद झाले. मिरजेचा माणूस यायच्या आत मी गल्लीबाहेर पडलो होतो.

घरी बायकोनं गाडीला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. दुसऱ्या दिवशी हूक बसवायला उंब्रजच्या वेल्डरकडे नेली. तो खाली झोपला, हातोडीनं दोन ठोके मारले आणि तसाच पडून म्हणाला, "हितं आदी काय तरी काम झाल्यालं दिसतंय. बदबद आवाज येतोय."

"आसंल," मी म्हणालो. "जुनी गाडी हाय. तू बसव."

त्यानं बसवला. संध्याकाळी चाचांचा फोन आला. लग्नाच्या गडबडीनंतरही त्यांच्या लक्षात होतं. "खाली झोपून बघितलंस न्हवं?"

"बघितलं की."

महिनाभर गाडीनं सोन्यासारखं काम केलं. हायवेवरून मिक्सर ओढत कराडला पाऊण तासात पोचायचो. ज्याच्या ट्रॅक्टरची वाट बघितली होती, त्याच्या दारावरून मुद्दाम एकदा हॉर्न वाजवत गेलो.

मग डोंगराकडच्या एका वाडीचं काम आलं. वाडीला जायचा सिमेंटचा रस्ता अरुंद आणि उभा. मिक्सरवर काम करणारा माझा माणूस विजापूरकडचा, नऊ वर्षं माझ्याकडे. बोलताना कानडी हेल येतो आणि मला मालक म्हणतो. चढ लागला की तो नेहमी खाली उतरायचा आणि हातात दगड घेऊन मिक्सरच्या मागून चालायचा. गाडी कुठं थांबलीच, तर चाकाखाली दगड लावायला. त्या दिवशीही तो उतरला.

वळणावर गाडी दमली. मी पहिला गिअर टाकला आणि पाय दाबला. मागं कडाड असं काहीतरी वाजलं आणि गाडीनं एकदम पुढं उडी घेतली. जड पोतं पाठीवरून उतरल्यावर माणूस जसा पुढं जातो, तशी. आरशात बघितलं, तर मिक्सर मागं चालला होता. हूक त्याच्या दांड्यातच होता, आणि हुकाबरोबर माझ्या गाडीचा लोखंडाचा तुकडाही.

तो पळून जाऊ शकला असता. त्याच्या एका बाजूला मोकळा उतार होता. पण त्यानं दगड लावला. चाक दगडावर चढलं, मिक्सर फिरला आणि दांडा त्याच्या डाव्या पायावर गुडघ्याखाली बसला. मग मिक्सर बांधावर जाऊन कलंडला. खालच्या वळणावर नळाला बायका पाणी भरत होत्या. तिथवर तो गेला नाही, तो त्या दगडामुळं.

कराडच्या दवाखान्यात त्याच्या पायात सळी घातली. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. त्याची बायको बाकावर बसून होती. मीच बोलत होतो, जुनी गाडी, काय सांगावं, वगैरे.

दुसऱ्या दिवशी चाचांनी गाडी उचलून खाली बॅटरीचा उजेड मारला. मागचा आडवा बार एका ठिकाणी जुना तडकलेला होता. आतून पट्टी लावून वेल्डिंग केलेलं आणि वरून काळा रंग. ताण आला तशी पट्टी टाक्यासकट उचकटली होती.

"तू बघितलं म्हनालास," चाचा म्हणाले.

"रंग हुता चाचा. दिसलं न्हाई."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मंग फशिवलं तुला त्यांनी."

ते वाक्य मला फार बरं वाटलं. घरी गेल्यावर बायकोला तेच सांगितलं. गावात चार जणांनी विचारलं, त्यांनाही तेच. दोन दिवसांत ते इतक्या वेळा सांगून झालं की मला खरोखरच राग यायला लागला. तिसऱ्या दिवशी मोटरसायकल काढली आणि माधवनगर गाठलं.

बाई मशीनवर परकर शिवत होत्या. मी उंबऱ्यातूनच सुरू केलं. आजारी माणूस पुढं बसवून खराब गाडी गळ्यात बांधलीत. वेल्डिंग करून रंग लावून विकलीत. माझ्या माणसाचा पाय गेलाय. शेजारच्या यंत्रमागांवरची माणसं दारात येऊन उभी राहिली. बाईंच्या हातात कात्री होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली. मी काय बोलतोय तेच त्यांना कळत नव्हतं.

"कुणाचा पाय? कसलं वेल्डिंग?"

आतून मालक आले. "नको, नको," म्हणत काठी टेकत माझ्यापर्यंत आले, माझी बाही धरली आणि मला ओढत शेडमध्ये नेलं. गाडी उभी असायची तिथं आता मोकळी मातीची जमीन होती. त्यांनी काठीनं मातीत दोन लांब रेघा ओढल्या. टोकाला त्यांना जोडणारी एक आडवी रेघ. मग त्या आडव्या रेघेवर काठी टेकवून एक छेद दिला आणि माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताचं बोट आकड्यासारखं वाकवलं, ओढल्यासारखं केलं आणि मान हलवली. जोरात, दोनदा.

बाई मागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी रेघांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "झटका यायच्या आधी एका टेम्पोनं मागनं ठोकलं होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "यांनी काम करून घेतलं होतं काही तरी. पण मग कुणाची गाडी बंद पडली तरी हे दोर बांधू द्यायचे नाहीत. आधी कुणालाही ओढत न्यायचे. मला वाटायचं, माणूस बदलला."

मग त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी ते हेच सांगत होते का हो?"

इथं मला बोलता आलं असतं. गल्लीतली माणसं अजून दारात होती, आणि त्यांच्यासमोर मी आत्ताच इतकं ओरडलो होतो.

"मला कसं कळनार?" मी म्हणालो.

बाईंनी हात जोडले. "भाऊ, आमची चूक झाली. त्यांचं मला कळतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरते. मला कळायला पाहिजे होतं."

"आसू द्या," मी म्हणालो. "व्हतं माणसाच्या हातनं."

मी त्यांना माफ केलं. मग मोटरसायकलला किक मारली. तो माणूस शेडच्या खांबाला धरून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी आरशात दिसलेलं त्याचं तोंड हलत होतं, आता हलत नव्हतं. त्याच्याइतकं नीट मला कुणी ओळखलेलं नाही.

परतताना कुठं थांबलो नाही. घरी बायकोनं विचारलं, काय म्हणाले. मी म्हणालो, चूक कबूल केली त्यांनी. ती म्हणाली, "मंग झालं की." त्या दिवसापासून माझं जेवण कमी झालं. डॉक्टरकडे गेलो तर त्यांनी पित्त सांगितलं.

माझा माणूस दवाखान्यातून सुटून कराडला त्याच्या खोलीवर आला होता. आठ-पंधरा दिवसांनी मी जायचो. कधी सामान घेऊन, कधी नुसता. तो भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसलेला असायचा. गेलो की तो माधवनगरच्या माणसाला शिव्या घालायचा, अगदी मन लावून. एकदा म्हणाला, "मालक, त्याला झटका आला ते बरोबर झालं. असल्या पापाचंच असतं ते."

त्याची बायको चूल फुंकत होती. तीही म्हणाली, "देव बघतो."

मला तिथं बसवेना. उठलो, चपला घातल्या, परत काढल्या आणि आत येऊन बसलो. म्हणालो, "त्यानं मला सांगितलं हुतं."

आणि सगळं सांगितलं. मिक्सर म्हटल्यावर तो उठला ते, काठी कुठं दाखवली ते, मी पाय दाबून धरला ते. वेल्डरचं आणि चाचांचंही. तो ऐकत होता. सांगून झाल्यावर त्यानं आपल्या पायाकडे बघितलं.

"मालक," तो म्हणाला, "हे तुम्ही मला कशाला सांगितलं?"

मी दारातल्या चपलांकडे बघितलं.

"त्या माणसाला मी बघितलं नाही. त्याला शिव्या घातल्या की झोप यायची. तुम्हाला कशा घालायच्या? नऊ वर्षं तुमचं मीठ खाल्लं." मग बायकोला म्हणाला, "चहा ठेव." तो चहा मी प्यालो. कसा प्यालो, ते आठवत नाही.

चाचांनाही सांगितलं. ते रागावले नाहीत, पण दोन दिवस माझ्या गाडीला हात लावला नाही. मग मागचा सगळा आडवा बार कापून काढला आणि जाड लोखंडाचा नवा घातला. हूक स्वतः बसवला. काम चालू असताना मला शेजारी पोत्यावर झोपायला लावलं आणि एकेक टाका बघायला लावला.

मग मी पिकअप घेऊनच माधवनगरला गेलो. बाई मला बघून घाबरल्या. परत काही मोडलं, असं त्यांना वाटलं. मी आत बसलो. मालक खुर्चीत होते. बाईंना म्हणालो, त्या दिवशी तुम्ही माझी माफी मागितली, ती उलटी होती. त्यांना काय सांगायचंय ते मला कळलं होतं. ऐकू येऊ नये म्हणूनच मी इंजिन वाढवलं होतं.

रस्ताभर मी ठरवत आलो होतो, की त्या ओरडल्या तर ओरडू द्यायचं, हाकलून दिलं तर निघायचं. त्यांनी तसलं काहीच केलं नाही. मशीनवरचं कापड काढलं, घडी केली, परत उलगडलं.

"तुम्ही इंजिन वाढवलंत तेव्हा मला बरं वाटलं होतं," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही.

"उठल्यापासून झोपेपर्यंत तो एकच शब्द. दोन वर्षं. आणि गाडी तर विकायचीच होती. मनात आलं, बरं झालं, ऐकू येईना झालं. म्हणून तर त्यांना आत नेऊन बसवलं. गाडीखाली काय आहे ते मीही वाकून बघितलं नाही."

नवरा समोर बसलेला होता. त्यानं ऐकलं. बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही, पदरानं टेप पुसत राहिल्या. मी मन मोकळं करायला गेलो होतो. ते झालं की नाही कोण जाणे, पण इतके दिवस त्या बाईंना जे स्वतःपाशीही बोलायला लागलं नव्हतं, ते माझ्यामुळं नवऱ्यासमोर बोलावं लागलं.

थोड्या वेळानं मालक उठले आणि गाडीकडे निघाले. मी पोतं अंथरून खाली झोपलो. ते वरून काठीनं दाखवायचे आणि मी तिथं हातोडीनं ठोकायचो. डावं टोक, मध्य, उजवं टोक, हुकाचे चारही बोल्ट. प्रत्येक ठोक्याला मान तिरकी करून ऐकायचे. एका ठिकाणी त्यांनी तीनदा ठोकायला लावलं. मग काठी उचलून घेतली. मी बाहेर आलो तेव्हा ते घरात जायला वळले होते. बाईंनी पाणी दिलं. परत या, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही येतो म्हणालो नाही.

गाडी अजून आहे. चांगली ओढते. वाडीच्या त्या चढावर आता मी आधी माणसं आणि सामान वर सोडतो, मग रिकाम्या गाडीला मिक्सर लावून नेतो, आणि मागून कुणाला चालू देत नाही.

माझा माणूस पाडव्याच्या सुमाराला कामावर आला. चालताना डावा पाय जरा बाहेर पडतो, पण मिक्सरवर उभा राहिला की कळत नाही. दोन महिने त्यानं काम केलं. पूर्वीसारखंच बोलायचा, मालक म्हणायचा, डबा खाताना भाकरी पुढं करायचा. मग एक दिवस म्हणाला, कराडच्या एका ठेकेदाराकडे लागतोय, खोलीपासून जवळ पडेल. मी म्हणालो, बरोबर आहे, पायाला सोयीचं होईल. खोलीचं अंतर नऊ वर्षं तेवढंच होतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

शेवटच्या दिवशी स्लॅब लवकर संपला. मी घरमालकाशी बोलत गच्चीवर राहिलो. खाली आलो तोवर तो गेला होता. मिक्सरचा ड्रम त्यानं आतून घासून धुतला होता आणि सगळ्या ठिकाणी नवं ग्रीस भरून ठेवलं होतं.